वृद्धिघटक आणि ताण : एका संज्ञेचा अर्थविस्तार

पदार्थाला प्रथम मिळालेले नाव हे त्याच्या त्या वेळी ज्ञात असलेल्या कार्याचे निदर्शक असते. पुढे ज्ञान वाढते, परंतु नाव तेच राहते. मज्जातंतूंच्या ‘वृद्धिघटकां’चा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

ताणाचा शास्त्रीय अभ्यास या घटकांच्या शोधापूर्वीच सुरू झाला होता. १९३६ साली माँट्रियल येथे हान्स सेल्ये यांनी असे दाखविले की, थंडी, इजा, अतिश्रम किंवा विषारी द्रव्ये यांपैकी कारण कोणतेही असो, उंदराच्या शरीराची प्रतिक्रिया सारखीच असते : अधिवृक्क ग्रंथी वाढतात, थायमस ग्रंथी आक्रसते आणि जठरात व्रण पडतात. त्या निबंधाच्या शीर्षकात ‘ताण’ हा शब्द नव्हता; ‘अपायकारक कारके’ असा प्रयोग होता. अधोथॅलॅमसातून निघणाऱ्या सी.आर.एच. या हॉर्मोनाने पोष ग्रंथी चेतविली जाते व तिच्यामुळे अधिवृक्क ग्रंथी स्रवू लागते, अशी ही साखळी आहे. तिचा आरंभीचा दुवा असलेल्या सी.आर.एच.ची रचना वायली व्हेल यांनी १९८१ मध्ये निश्चित केली.

दुसरा प्रवाह गर्भविज्ञानातून आला. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९५०नंतरच्या काही वर्षांत, उंदराच्या अर्बुदातील एका द्रव्यामुळे कोंबडीच्या गर्भातील मज्जातंतू झपाट्याने वाढतात, असे आढळले. स्टॅन्ली कोहेन यांच्या साहाय्याने ते द्रव्य वेगळे करण्यात आले व ‘मज्जातंतु-वृद्धिघटक’ हे नाव रूढ झाले. १९८६ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

या घटकाचे कार्य केवळ वृद्धीपुरते नाही, हे मात्र १९७९ मध्येच सूचित झाले होते. त्याचे अंतःक्षेपण केले असता उंदरांतील पोष-अधिवृक्क साखळी उद्दीपित होते, असे ओटेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदविले. १९८६ मध्ये लेव्ही-मोंताल्चिनी व त्यांच्या सहकाऱ्यांना, झुंजणाऱ्या नर उंदरांच्या लालाग्रंथींतून हाच घटक रक्तात उतरत असल्याचे दिसले.

१९८२ मध्ये बार्ड व थोनेन यांनी डुकराच्या मेंदूतून बी.डी.एन.एफ. हा दुसरा घटक मिळविला. त्याचे वर्तन अधिक गुंतागुंतीचे ठरले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्मिथ प्रभृतींच्या प्रयोगांत, उंदरास जखडून ठेवले असता हिप्पोकॅम्पसात या घटकाची निर्मिती घटली, तर अधोथॅलॅमसात वाढली. अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्यावरही हिप्पोकॅम्पसातील घट होतच राहिली. अर्थात ती केवळ त्या ग्रंथीच्या स्रावामुळे होत नव्हती. पुढे २०१२ मध्ये झानतो प्रभृतींनी यंत्रणा स्पष्ट केली : बी.डी.एन.एफ. अधोथॅलॅमसातील सी.आर.एच.च्या जनुकास चालना देतो, तर अधिवृक्क ग्रंथीचा स्राव त्या चालनेस आवर घालतो. म्हणजे जो घटक मेंदूचे पोषण करतो, तोच ताणाची प्रतिक्रियाही जागवितो.

हे पुरावे मुख्यतः कृंतक प्राण्यांवरील आहेत. ते मानवास जसेच्या तसे लागू करणे युक्त नव्हे. तथापि मराठीत ‘वृद्धिघटक’ ही संज्ञा योजताना तिच्या मूळ अर्थाची मर्यादा ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. संज्ञा १९५०नंतरच्या दशकातील आहे. तिने आज निर्दिष्ट होणारे कार्य त्याहून पुष्कळ व्यापक आहे.