दूरचित्रवाणीचा खान्देशी प्रेक्षक

दूरचित्रवाणीवरील प्रत्येक कार्यक्रमामागे निर्मात्याने गृहीत धरलेला एक प्रेक्षक असतो. तो कधी वयावरून ठरतो, कधी व्यवसायावरून, तर कधी बोलीवरून. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील प्रेक्षकाचा विचार पहिल्या दोन कसोट्यांवर बराच झाला. तिसऱ्या कसोटीवर मात्र तो उपेक्षितच राहिला.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. एकच वाहिनी असल्याने प्रेक्षकांची वाटणी दिवस आणि वेळेनुसार होत असे. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’, श्रमिकांसाठी ‘कामगार विश्व’, मुलांसाठी ‘किलबिल’, तरुणांसाठी ‘युवादर्शन’, तर गृहिणींसाठी ‘सुंदर माझं घर’. शालेय विद्यार्थ्यांसाठी पुण्यातील बालचित्रवाणी ही संस्था १९८४ पासून कार्यक्रम तयार करू लागली. २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली. या रचनेत रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला आणि कोकणातील भात उत्पादकाला एकाच कृषी कार्यक्रमात आपापली पाळी येण्याची वाट पाहावी लागे, हे खरे. तथापि जाहिरातदाराच्या दृष्टीने बिनमोलाचा असलेला प्रेक्षकही या वेळापत्रकात हक्काची जागा राखून होता, ही गोष्ट आज आवर्जून नोंदवावी लागते.

खासगी मराठी वाहिन्यांच्या आगमनाने ही वाटणी बदलली. ‘अल्फा मराठी’ (नंतरची ‘झी मराठी’) १९९९ मध्ये, तर ‘ईटीव्ही मराठी’ २००० मध्ये सुरू झाली. ‘ईटीव्ही’चे नाव २०१५ मध्ये ‘कलर्स मराठी’ झाले. सायंकाळचे तास कौटुंबिक मालिकांकडे गेले. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ने गृहिणीला प्रेक्षागारातून उचलून थेट पडद्यावर आणले. अर्थात त्या दशकात ग्रामीण खान्देशात कोणती मालिका पाहायची हे बऱ्याचदा भारनियमनाचे वेळापत्रकच ठरवीत असे!

कोणासाठी कार्यक्रम करायचा, हे अखेरीस कोणाची मोजणी होते यावर ठरते. टीआरपीची मोजणी दीर्घकाळ प्रामुख्याने एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांपुरती मर्यादित होती. जळगाव, धुळे आणि भुसावळ ही शहरे या वर्गात बसणारी. अमळनेर, चाळीसगाव आणि शिरपूर मात्र २०११ च्या जनगणनेतही लाखाच्या आतच होती. ‘बार्क’ या संस्थेने ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण प्रेक्षकांची आकडेवारी देण्यास सुरुवात केली, आणि गावाकडील प्रेक्षक वाहिन्यांच्या हिशेबात आला.

त्यानंतरच्या दोन वर्षांत मराठी मालिकांनी महानगराबाहेरची वाट धरली, हा केवळ योगायोग नसावा. ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये मालवणी, ‘तुझ्यात जीव रंगला’मध्ये कोल्हापुरी, ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधील राधिकेच्या तोंडी नागपुरी आणि ‘लागिरं झालं जी’मध्ये सातारी ढंगाची भाषा ऐकू आली. या चारही मालिका २०१६ आणि २०१७ या वर्षांत सुरू झाल्या. अहिराणीला मात्र त्या तोडीची मालिका लाभली नाही.

यामागे एक अडचण आहे. मालवणी किंवा कोल्हापुरी ढंग इतर मराठी प्रेक्षकांना नाटक-चित्रपटांमुळे परिचित होता. अहिराणीची ठेवण गुजरातीला जवळची असल्याने पुण्या-मुंबईच्या श्रोत्याला ती सहज उमगत नाही. जनगणनेतही ‘खान्देशी’ ही मराठीहून स्वतंत्र भाषा म्हणून नोंदली जाते. २०११ मध्ये तिच्या भाषकांची संख्या साडेअठरा लाखांवर होती. शिवाय खान्देशाची बोली एक नाही. धुळे, नंदुरबार आणि पश्चिम जळगावात अहिराणी, तर पूर्वेकडील भुसावळ-रावेर भागात लेवा गणबोली. बहिणाबाई चौधरींमुळे महाराष्ट्राला परिचित झालेली बोली ही दुसरी. पण बाहेरचा माणूस सरसकट दोहोंना खान्देशी म्हणून मोकळा होतो. अशा स्थितीत मालिका नेमक्या कोणत्या बोलीत करायची, हा प्रश्न निर्मात्याला पडणारच.

ही पोकळी वाहिन्यांबाहेर भरली गेली. खान्देशच्या वेशीवरील मालेगावात २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ हे विडंबन तयार झाले आणि अल्प खर्चातील स्थानिक चित्रपटांची प्रथा पडली. पुढे अहिराणी गाणी आणि विनोदी चित्रफिती सीडीवरून, नंतर यूट्यूबवरून घरोघर पोहोचल्या. ‘हाई झुमका वाली पोर’सारखे अहिराणी गाणे खान्देशाबाहेरच्या लग्नांतही वाजू लागले. धुळ्यातील एखाद्या घरात आजी रात्रीची मालिका प्रमाण मराठीत पाहते आणि नातू शेजारीच मोबाइलवर अहिराणी विनोद ऐकतो. कानबाईच्या उत्सवाची गाणी आजीला हवी असली, तर ती मात्र नातवाच्या मोबाइलवरच सापडतात.