२८ दिवसच का? कुरणाच्या विश्रांतीचा छोटा इतिहास

संशोधन आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'प्रत्येक चराईनंतर कुरणाला २८ दिवस विश्रांती.' गाइडनी शेजारी पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: '२८च का?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधीच्या प्रबंधांत तसं होतं, एवढंच. उत्तर शोधताना जो इतिहास सापडला, तो आज सांगतो.

१९५७ मध्ये फ्रान्सच्या आंद्रे व्वाझँ यांचं गवताच्या उत्पादकतेवरचं पुस्तक आलं. चरलेल्या गवताला सावरायला वेळ द्या आणि तो वेळ ऋतूप्रमाणे बदला, असं त्यांचं म्हणणं. पण फाटक उघडायला कॅलेंडर सोयीचं पडतं. उष्ण प्रदेशातल्या कुरणांतही २८, ३५ असे ठरावीक दिवस रूढ झाले.

त्याच दशकात न्यूझीलंडमध्ये ब्रूम हे संशोधक दिवस मोजण्याऐवजी उजेड मोजत होते. चराईनंतर पानं वाढतात, तसा जमिनीपर्यंत पोचणारा उजेड कमी होतो. पानांनी ९५ टक्के उजेड अडवला की वाढीचा वेग कमाल पातळीजवळ असतो, असं त्यांना दिसलं. पण हे सगळं थंड हवेतल्या गवतांवर. उष्ण प्रदेशातल्या उंच गवतांना ते लागू पडेल का?

हा प्रश्न ब्राझीलमध्ये नेटाने तपासला गेला. तिथे १९९३ मध्ये 'मोंबासा' हा वाण प्रसारित झाला होता. मूळ आफ्रिकेचा, आपल्या गिनी गवताचाच भाऊबंद. साओ पावलो राज्यातल्या संशोधकांनी गुरं आत सोडायच्या दोन वेळा ठरवल्या: ९५ टक्के उजेड अडल्यावर, किंवा जवळजवळ १०० टक्के. चराईनंतर गवत ३० सेंटिमीटर ठेवायचं की ५०, हेही तपासलं.

खरी मेहनत पुढे होती. नुसतं वजन केलं असतं, तर उशिरा चारलेलं गवत भरघोसच वाटलं असतं. त्यांनी कापलेल्या गवतातून पानं, खोड आणि वाळलेला भाग वेगळा करून तोलला. तेव्हा कळलं, की ९५ टक्क्यांनंतर वाढतं ते मुख्यतः खोड आणि वाळलेलं गवत. कारण सोपं आहे: खालची पानं सावलीत मरतात आणि उजेडासाठी झाड खोड ताणतं. गुरांना मात्र हवं असतं पान.

मोंबासात ही ९५ टक्क्यांची अवस्था साधारण ९० सेंटिमीटर उंचीला येते. म्हणजे शेतकऱ्याला महागडं उपकरण नको, काठी पुरे. पावसाळ्यात ती उंची लवकर गाठली जाते, कोरड्या दिवसांत खूप उशिरा. मग २८ दिवस कधी जास्त ठरतात, कधी कमी.

आता गंमत बघा. ९० हा आकडासुद्धा उद्याचा '२८' होऊ शकतो! त्याच जातीच्या 'टांझानिया' वाणात ही अवस्था ७० सेंटिमीटरलाच येते. तिथे ९० ची वाट बघाल, तर पुन्हा खोडच वाढवाल.

म्हणून आराखडा देण्याआधी एक काम करा. त्यातल्या प्रत्येक आकड्याभोवती गोल काढा आणि शेजारी स्वतःच लिहा: 'हाच का?' 'आधीच्यांनी घेतला म्हणून' एवढंच उत्तर निघालं, तर तुमच्या संशोधनाचा प्रश्न कदाचित तिथेच दडलेला असेल. माझा तिथेच सापडला.