वीजबिलातल्या एका ओळीची कुळकथा

कल्याणहून माळशेजकडे निघालेला रस्ता मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत वैशाखरे गावापाशी येतो. या रस्त्यावर अलीकडे मुरबाडची एमआयडीसी आहे आणि पलीकडे भाताची खाचरे व त्यांच्यावर चालणाऱ्या भातगिरण्या. दोन्हीकडे वीज महावितरणचीच येते, आणि कारखान्यातली काय, गिरणीतली काय, मोटार बहुधा इंडक्शनचीच असते. तरीही एमआयडीसीतल्या उच्चदाब ग्राहकाच्या बिलावर अनेक वर्षे एक ओळ छापून येत होती, जी लहान गिरणीच्या बिलावर कधीच आली नाही. ती ओळ म्हणजे पॉवर फॅक्टर इन्सेंटिव्ह. आपला पीएफ एकच्या जवळ, म्हणजे कारखानदारांच्या भाषेत ‘युनिटी’ला ठेवणाऱ्याला कर वगळून बिलाच्या ७ टक्क्यांपर्यंत सूट मिळे. वीज विकणाऱ्यानेच गिऱ्हाइकाला नीट वापराबद्दल पैसे परत करावेत, ही रीत आली कुठून आणि गिरणीच्या दारापर्यंत का पोचली नाही? माझे म्हणणे असे की या सवलतीमागे कंपनीचे औदार्य नव्हते आणि बचतीचा ध्यासही नव्हता. मीटरला जे दिसू लागले त्याला किंमत आली, आणि किंमत आली म्हणून सूट आली. या सवलतीचा इतिहास हा मुळात मोजणीचा इतिहास आहे.

कुळाचा मूळपुरुष शोधायचा तर इंग्लंडमध्ये जावे लागते. जॉन हॉपकिन्सन या अभियंत्याने १८९२ मध्ये एका व्याख्यानात वीजपुरवठ्याच्या खर्चाची फोड करून दाखवली. कोळसा जळतो तो युनिटागणिक, पण बॉयलर, जनित्र आणि तारा यांचा खर्च ग्राहकाने एक युनिट वापरले काय किंवा हजार वापरली काय, तेवढाच राहतो. तो अवलंबून असतो ग्राहक एका वेळी जास्तीत जास्त किती वीज मागेल यावर. म्हणून बिलाचे दोन भाग असावेत, एक मागणीचा आणि एक वापराचा, असे त्याने मांडले. विचार पक्का होता, पण कमाल मागणी मोजणार कशी? ते काम ब्रायटनच्या वीजकेंद्रातल्या आर्थर राइट याने केले. त्याच्या उपकरणात प्रवाह वाढला की तार तापे, काचेच्या फुग्यातली हवा प्रसरण पावे आणि द्रव पलीकडच्या नळीत सांडे. सांडलेला द्रव आपोआप मागे येत नसे, म्हणून महिन्यातली सर्वांत मोठी मागणी नळीवर वाचता येई. एडिसनच्या हाताखाली तयार झालेला आणि पुढे शिकागोची वीज कंपनी चालवणारा सॅम्युअल इन्सल १८९४ मध्ये ब्रायटनला आला, त्याने ही पद्धत पाहिली आणि अमेरिकेत नेली. आज मुरबाडच्या कारखान्याच्या बिलात ‘डिमांड चार्जेस’ म्हणून जो आकडा येतो त्याचे घराणे हे. मोजण्याची युक्ती सापडेपर्यंत हॉपकिन्सनचा विचार व्याख्यानातच राहिला होता, हे इथे महत्त्वाचे आहे.

पॉवर फॅक्टरचा प्रश्न त्याच सुमारास प्रत्यावर्ती प्रवाहाबरोबर आला. इंडक्शन मोटारीला फिरण्याआधी स्वतःचे चुंबकीय क्षेत्र उभे करावे लागते. त्यासाठी लागणारा प्रवाह काम करत नाही. तो तारेतून येतो, परत जातो आणि पुन्हा येतो. साध्या युनिटच्या मीटरला हा हेलपाटा दिसत नाही, पण तारेला, रोहित्राला आणि जनित्राला त्याचे ओझे सोसावेच लागते. हा हेलपाटा जितका जास्त, तितका पीएफ एकच्या खाली जातो. हिशेब करून पाहू. १० किलोवॉटचे काम ०.७० पीएफवर चालले तर यंत्रणेवर हेलपाट्यासकट सुमारे १४.३ केव्हीएचा भार पडतो. पीएफ ०.९५ वर आणला तर तो १०.५ केव्हीएवर येतो. प्रवाह सुमारे २६ टक्क्यांनी घटतो, आणि तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती ४६ टक्क्यांच्या आसपास कमी होते. यासाठी लागतो साधारण ७ केव्हीएआरचा कॅपॅसिटर. तो मोटारीशेजारी बसला की हा हेलपाटा तिथल्या तिथे भागतो आणि केंद्रापर्यंत जात नाही.

आता महाराष्ट्राकडे वळू. इथे कारखानदारीला विजेची सवय लावली ती खोपोलीच्या जलविद्युत केंद्राने. १९१५ पासून टाटांची वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळू लागली. राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले, आणि राज्य वीज नियामक आयोग १९९९ मध्ये. त्यानंतर विजेचे दर जाहीर सुनावणीतून, लेखी आदेशाने ठरू लागले. २००३ च्या वीज कायद्याच्या ६२ व्या कलमात तर ही सगळी वंशावळ एका उपकलमात नोंदलेली आहे. ग्राहकाग्राहकांत दरांचा भेद करायचा असेल तर तो लोड फॅक्टर (कमाल मागणीच्या तुलनेत सरासरी वापर), पॉवर फॅक्टर, व्होल्टेज, एकूण वापर आणि वापराची वेळ अशा कारणांवर करता येतो. यातली बहुतेक कारणे मीटरवर वाचता येणारी आहेत. महावितरणच्या दरपत्रकात त्यातूनच ठरावीक पायऱ्या आल्या: पीएफ ०.९५ च्या वर गेला की टप्प्याटप्प्याने १, २, ३, ५ आणि शेवटी ७ टक्के सूट, आणि ०.९० च्या खाली घसरला की दंड. उच्चदाब ग्राहक आणि २० किलोवॉटच्या वरचे लघुदाब ग्राहक यांच्यासाठी हा नियम होता. वीस किलोवॉट म्हणजे सुमारे २७ अश्वशक्ती. दहा-पंधरा अश्वशक्तीच्या मोटारीवर भात भरडण्याचा हलर चालवणारी गिरणी त्या रेषेच्या खालीच राहिली.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असा की ही ऊर्जाबचत नव्हेच. मेन स्विचपाशी कॅपॅसिटर बसवल्याने कारखान्याची मोटार एक युनिटही कमी खात नाही. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. बचत होते ती मीटरच्या अलीकडे, कंपनीच्या तारांत आणि रोहित्रांत. म्हणूनच तिचा मोबदला कंपनीने द्यायचा असतो. ग्राहकाच्या स्वतःच्या बिलात आपोआप जे कमी झाले असते त्यासाठी वेगळे बक्षीस लागलेच नसते. आक्षेपाची जी बाजू खरोखर बोचते ती निराळी आहे. गरजेपेक्षा मोठी मोटार बसवली आणि ती अर्ध्या भारावर चालवली की पीएफ पडतो. खरा इलाज मोटार बदलण्याचा, पण कॅपॅसिटर जोडला की आकडा सुधारतो आणि चुकीची मोटार तशीच फिरत राहते. सवलतीने आकड्याला बक्षीस दिले, त्यामागच्या निवडीला नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. आयोग कंपनीची एकूण गरज ठरवतो आणि ती सर्व ग्राहकांकडून वसूल होते. म्हणजे एकाला दिलेली सूट दुसऱ्याच्या दरात जाते, आणि कॅपॅसिटर पॅनेलचा खर्च वसूल झाल्यावरही ७ टक्के मिळतच राहतात. हे मला मान्य आहे, आणि आयोगालाही मान्य झालेले दिसते, कारण २०१८ च्या सप्टेंबरमधल्या आदेशात ही सूट निम्मी होऊन कमाल ३.५ टक्क्यांवर आली. त्याच आदेशाने आणखी एक फट बुजवली. तोवर हिशेबात फक्त मागे राहणारा, म्हणजे मोटारींमुळे होणारा ‘लॅगिंग’ पीएफ धरला जात होता. रात्री यंत्रे बंद झाल्यावरही कॅपॅसिटर जोडलेले राहिले तर पीएफ उलट दिशेने बिघडतो, ज्याला ‘लीडिंग’ म्हणतात, आणि त्याचाही त्रास वाहिनीला होतो. बिलात मात्र तो दिसत नव्हता, म्हणून त्याची फिकीर करायला कुणाला कारण नव्हते. मोजणी बदलली तशी ती फिकीर सुरू झाली. शेवटी १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएच या एककावर आले. यात हेलपाट्याचा प्रवाहही युनिटातच धरला जातो, त्यामुळे बक्षीस आणि दंड या दोन्ही ओळी तिथून गेल्या. अनेक उद्योजकांना हे हक्काची सूट काढून घेतल्यासारखे वाटले. त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे, पण मोजमापच नेमके झाल्यावर बक्षिसाची गरज उरत नाही, ही आयोगाची दिशा मला बरोबर वाटते.

याच घराण्यातल्या भावंडांकडे पाहिले तर मुद्दा आणखी स्पष्ट होतो. लोड फॅक्टर ७५ टक्क्यांच्या वर नेणाऱ्या कारखान्याला १५ टक्क्यांपर्यंत सवलत होती. चोवीस तास एकसारखी वीज ओढणाऱ्याला ती मिळे, मग यंत्र कितीही उधळे असो. तिला बचतीचे प्रोत्साहन म्हणणे मला पटत नाही. वेळेनुसार दर, म्हणजे टीओडी, त्याहून सरस. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया कमी, आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी १ रुपया १० पैसे जास्त, असा नियम बरीच वर्षे चालला. सौरऊर्जा वाढल्यावर २०२५ मध्ये सवलतीचे तास दिवसाकडे सरकले. आणि १ जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांनाही सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सूट मिळू लागली. जी सवलत काल कारखान्यांसारख्या मोठ्या ग्राहकांची होती ती आज घरात आली, कारण वेळ नोंदवणारा मीटर घरात आला.

मग गिरणीचे काय? बचतीचे सरळ कार्यक्रमही राज्यात झाले आहेत. मागणी व्यवस्थापनासाठी आयोगाने २०१० मध्ये विनियम केले आणि मुंबईतल्या वीज कंपन्यांनी कमी वीज खाणारे पंखे, ट्यूबलाइट सवलतीत दिल्या. पण ते शहरी वापराला शोभणारे कार्यक्रम होते. मुरबाड-शहापूरच्या गिरणीचा हंगाम भात झोडून झाल्यावर सुरू होतो. गिऱ्हाईक पोती घेऊन येईल तशी मोटार सुरू-बंद होते आणि मधल्या वेळी रिकामी फिरते. रिकाम्या मोटारीचा पीएफ फारच खाली जातो. लांबच लांब ग्रामीण वाहिनीच्या टोकाला असा भार असला की व्होल्टेज आणखी पडतो, आणि त्याचा फटका शेजारच्या कृषिपंपाला व घरातल्या दिव्यालाही बसतो. कृषिपंपांना कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे करते आहे. आवाहन योग्यच आहे, पण कॅपॅसिटरचा खर्च शेतकऱ्याचा आणि गळतीतली बचत कंपनीची, असा हिशेब असेल तर प्रतिसाद कमी मिळणारच.

लहान ग्राहकाचा पीएफ मोजायला लागणारा मीटर त्याच्या बचतीपेक्षा महाग पडतो, हे उत्तर आजवर खरे होते. स्मार्ट मीटर बसू लागल्यावर ते टिकत नाही, कारण ती नोंद आता मीटरमध्येच होऊ शकते. मात्र इथे एक धोका आहे. उद्या गिरणीवालाही सरळ केव्हीएएचवर नेला तर कॅपॅसिटर नसलेल्याचे बिल एका महिन्यात चढेल, आणि मोठ्या कारखान्याला तयारीसाठी जी वर्षे आणि जी ७ टक्के सूट मिळाली होती त्यातले काहीच त्याला मिळणार नाही. म्हणून क्रम पाळायला हवा. आधी महावितरणने कॅपॅसिटर बसवून द्यावा आणि त्याची किंमत बिलातून हप्त्याने घ्यावी. एलईडी बल्बांच्या उजाला योजनेत काही राज्यांत दहा रुपये आधी आणि बाकी बिलातून, अशी वसुली झालेली आहे, तेव्हा ही रीत नवी नाही. मग दोन-तीन हंगाम फक्त सूट असावी, दंड नसावा, आणि त्यानंतरच नवे एकक लागू करावे. आयोग दर ठरवण्याआधी जाहीर सूचना व हरकती मागवतो. मुरबाड आणि शहापूरच्या गिरणीमालकांनी एकत्र येऊन पुढच्या सुनावणीत ही मागणी लेखी नोंदवावी.