मागच्या चाकाचा खटका

फिक्स्ड गिअरची किंवा एकाच गिअरची सायकल चालवणाऱ्यांत एक समज रूढ आहे. मागच्या चाकाचे हब नटांचेच हवे. खटका उघडताच मोकळे होणारे, म्हणजे क्विक रिलीज हब हे अनेक गिअरांच्या सायकलींचे वैभव, आणि ते साध्या सायकलीला लावणे हा संकर होय. शुद्धतेचे असे आग्रह भाषेच्या आणि वाङ्मयप्रकारांच्या प्रांतातही आपल्या परिचयाचे आहेत. तेथे होते तेच येथेही होते : जरा मागे जाऊन पाहिले की शुद्ध मानलेली गोष्ट उशिराची निघते. क्विक रिलीजची कल्पना एकेरी गिअरच्या सायकलीच्या अडचणीतून आली. अनेक गिअरांच्या सायकलीला ती वारशाने मिळाली.

ती अडचण आधी समजून घेतली पाहिजे. फिक्स्ड गिअरमध्ये मागचे दातेरी चक्र हबला पक्के बसवलेले असते. चाक फिरते तोवर पॅडलही फिरत राहते. फ्रीव्हील असेल तर पाय थांबवता येतात, परंतु गिअर एकच तो एकच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतील शर्यतपटू डोंगर चढत ते अशाच सायकलींवर. त्यांच्या मागच्या हबला दोन्ही बाजूंना दातेरी चक्र बसवण्याची सोय असे. समजा, पुढच्या चक्राला 44 दाते आहेत. मागे एका बाजूला 16 आणि दुसऱ्या बाजूला 22. पहिल्या जोडीत पॅडलच्या एका फेऱ्यात चाक पावणेतीन वेळा फिरते, दुसरीत दोनच वेळा. घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, चाक काढायचे, उलटे करून बसवायचे, साखळी ताणायची आणि चढ धरायचा. माथ्यावर पुन्हा तोच खटाटोप. चक्र बदलले की साखळीची लांबी तीच राहत असल्याने चाक खाचेत पुढेमागे सरकवावे लागते. सहा दात्यांच्या फरकाला सुमारे 19 मिलिमीटर. म्हणूनच त्या सायकलींच्या मागच्या खाचा लांब आणि आडव्या असत. हाताने फिरवता यावेत म्हणून नटांना पंख असत. आपल्याकडच्या काळ्या सायकलीचे चाक पान्याशिवाय निघत नाही. त्या मानाने ही मोठीच सोय.

पण मग गिअर बदलणारी यंत्रणाच का बसवत नव्हते? ती नव्हती असे नाही. फ्रान्समध्ये सेंत-एतिएन येथे पॉल द व्हिव्ही, ज्यांना सारे ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ओळखत, आपल्या ‘ल सिक्लिस्त’ या नियतकालिकातून बदलत्या गिअरचा पुरस्कार वर्षानुवर्षे करीत होते. विरोध होता तो आँरी देग्राँज यांचा. 1903 साली ‘तूर द फ्रान्स’ सुरू करणारे हे संपादक. असे गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक, शर्यत मात्र स्नायूंच्या बळावर जिंकायची असते, अशी त्यांची भूमिका 1902 पासूनच होती. 1910 साली त्यांनी शर्यत पिरेनीजमधील तूर्मालेच्या घाटातून नेली, तरी भूमिका ढळली नाही. वृत्तपत्र त्यांचे, शर्यत त्यांची, नियमही त्यांचेच. ‘तूर’मध्ये डिरेलरला, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला, मोकळीक मिळाली ती 1937 साली, आजारी देग्राँज यांच्या हातून सूत्रे जाक गोदे यांच्याकडे गेल्यानंतर.

याच पार्श्वभूमीवर तुलिओ काम्पान्योलो यांची कथा वाचली पाहिजे. 1901 साली इटलीतील व्हिचेंझा येथे जन्मलेला हा हौशी शर्यतपटू. वडिलांचे लोखंडी सामानाचे दुकान. क्रोचे दाउने या घाटात शर्यत चालू असता बर्फ पडत होते, चाक उलटे करायला तो उतरला, बोटे बधिर झालेली, पंखांचे नट गोठून बसलेले. ते सुटेनात, शर्यत हातची गेली. त्या क्षणी तो व्हेनेतो बोलीत पुटपुटला, की मागच्या बाजूला काहीतरी बदलायला हवे. मग दुकानामागच्या खोलीत खटपट, 1930 चे पेटंट, आणि 1933 साली कंपनी.

कथा सुरेख आहे. तिच्यात नायक, हिमवर्षाव, पराभव आणि साक्षात्कार आहे. बोलीतले एक वाक्यही आहे, आणि ते फार महत्त्वाचे. प्रमाण इटालियनमध्ये तेच वाक्य घडवलेले वाटले असते. बोलीमुळे ते ऐकल्यासारखे वाटते. आख्यायिकेला साक्षीदार नसतो, तेव्हा बोली साक्षीदाराचे काम करते. संतचरित्रांतील आणि बखरींतील संवाद वाचलेल्यांना ही युक्ती निराळी सांगायला नको. प्रसंगाचे वर्ष मात्र कुठे 1924 मिळते, कुठे 1927. अलीकडच्या सायकल-इतिहासकारांनी या कथेविषयी आणि पेटंटच्या वर्षाविषयीही शंका उपस्थित केल्या आहेत. कंपनीने 1980 च्या दशकात आपल्या एका सुट्या भागांच्या संचाला ‘क्रोचे दाउने’ हेच नाव दिले. त्या घाटात काम्पान्योलो यांचे स्मारकही आहे. स्मारक उभे राहिले की वर्षाचा वाद कोण घालणार?

मला खटकते ते निराळेच. कथा खरी मानली तरी ती कारण चुकीच्या ठिकाणी दाखवते. बर्फाने नट गोठवले असतील. पण शर्यतपटूला त्या नटांशी झुंजायला लावले होते ते एकेरी गिअरचा आग्रह धरणाऱ्या शर्यतींच्या जगाने. क्विक रिलीज ही निसर्गावर मात नव्हे, मनाईतून काढलेली पळवाट आहे. आणि पायथ्याशी उतरून चाक उलटणारे शेकडो जण, ज्यांच्या रोजच्या कटकटीतून ही गरज आकाराला आली, ते सारे एका नायकाच्या सावलीत दिसेनासे होतात.

युक्ती अशी : हबचा आस पोकळ, त्यातून आरपार गेलेली बारीक सळई, एका टोकाला नट, दुसऱ्या टोकाला खटका. खटक्याच्या मुळाशी विषमकेंद्री तुकडा असतो; खटका मिटला की तो सळई ओढतो आणि हबच्या दोन्ही टोकांशी फ्रेमच्या खाचेची पट्टी आवळली जाते. मनाई सैल झाली तेव्हा हाच खटका डिरेलरच्या संसारात गेला. काम्पान्योलो यांच्या ‘कांबिओ कोर्सा’ यंत्रणेत मागच्या बाजूला दोन दांड्या असत. एकीने चालत्या सायकलीचे चाक सैल करायचे, दुसरीने साखळी सरकवायची. 1948 ची ‘तूर’ जीनो बार्ताली यांनी ही यंत्रणा वापरून जिंकली. व्हेलोड्रोममधील शर्यतींत मात्र चाक वाटेत उलटावे लागत नाही, म्हणून तेथील सायकली नटांवरच राहिल्या. आज फिक्स्ड गिअरवाल्यांना जी परंपरा वाटते, ती या लाकडी धावपट्टीची, रस्त्याची नव्हे.

तेव्हा आज हब निवडताना प्रश्न शुद्धतेचा नसून पकडीचा आहे. साखळी आसाला उजवीकडून सतत पुढे ओढते. पकड कमी पडली तर चाक तिरके होते, साखळी सैल पडते. आणि फिक्स्ड गिअरमध्ये ती निसटून अडकली तर चाकच जाम होते. म्हणून खटक्याचा विषमकेंद्री तुकडा बंद कोशात असावा, सळई पोलादी असावी, आणि खाचेला भिडणारे पृष्ठभाग पोलादाचे व दातेरी असावेत. उघड्या तुकड्याचे, प्लास्टिकच्या चकतीवर घासणारे हलके खटके या कामाचे नव्हेत. फ्रेमची खाच उभी असेल तर कोणतेही साधे हब घेतले तरी साखळी ताणता येणार नाही. खाचेची रुंदीही पाहावी : धावपट्टीच्या हबला 120 मिलिमीटर लागतात, रस्त्याच्या जुन्या फ्रेममध्ये बहुधा 126 असतात. अमेरिकेतील शेल्डन ब्राउन (निधन 2008) यांनी सायकलविषयी अत्यंत वाचनीय असे विपुल लिहिले. चांगला खटका फिक्स्ड गिअरला पुरेसा होतो, असेच त्यांचेही मत होते.

आडव्या खाचांची, पन्नास वर्षांपूर्वीची एखादी इटालियन फ्रेम मिळाली तर हे सारेच सोपे होते. तिच्या खाचा मुळात चाक मागेपुढे सरकवता यावे म्हणूनच लांब ठेवलेल्या असतात.