कोलकात्याच्या चिनी वस्तीतले दोन चीन

अठराव्या शतकाच्या अखेरीस तोंग आचू या चिनी माणसाने वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून बजबजजवळ साखरेचा कारखाना काढला. ते गाव आजही आचिपूर म्हणून ओळखले जाते. पुढे कँटोनी सुतार टेरिटी बाजाराच्या आसपास स्थिरावले. हक्का बोलणाऱ्या चिनी लोकांनी बेंटिंक स्ट्रीटवर जोड्यांची दुकाने थाटली आणि शहराच्या पूर्व टोकाला, टांगऱ्यात, कातडी कमावण्याचे कारखाने उभारले. सवर्ण हिंदू ज्या धंद्याला शिवत नसत, तोच त्यांना मोकळा सापडला. कच्ची कातडी मुसलमान व्यापाऱ्यांकडून येई आणि मजूर बिहारमधले चर्मकार असत.

१९४९मध्ये माओंचे सरकार बीजिंगमध्ये आले, त्यांचे प्रतिस्पर्धी च्यांग काय-शेक तैवानला गेले आणि ही छोटीशी वस्तीही दुभंगली. शाळा आणि वर्तमानपत्रे दोन्ही बाजूंची झाली. कोणी १ ऑक्टोबर हा बीजिंगचा राष्ट्रीय दिन साजरा करी, कोणी १० ऑक्टोबर हा तैवानचा. भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजी बीजिंगला मान्यता दिल्यावर जुन्या चिनी प्रजासत्ताकाच्या पारपत्रांना येथे आधार उरला नाही. अनेकजण कोणत्याच देशाचे नागरिक राहिले नाहीत.

१९६२च्या भारत-चीन युद्धात मात्र बीजिंगच्या बाजूचा की तैवानच्या, हा भेद कोणी विचारात घेतला नाही. आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी चिनी असले, तरी परकीय ठरवता येईल, असा वटहुकूम निघाला. भारतात जन्मलेलेही त्यातून सुटले नाहीत, हा त्यातला सर्वांत मोठा अन्याय. राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत सुमारे तीन हजार जणांना डांबले गेले. त्यांत आसाम आणि दार्जिलिंगकडचे लोक अधिक होते; शेवटचे बंदी १९६७मध्ये सुटले. कोलकात्यात अनेकांना धरले गेले. उरलेल्यांच्या फिरण्यावर बंधने आली आणि पोलिसांकडे हजेरीही लावावी लागे. बँक ऑफ चायनाची कोलकाता शाखा बंद झाली. १९६३मध्ये बीजिंगने पाठवलेल्या जहाजांतून दोन हजारांहून अधिक लोक चीनला गेले. त्यांतल्या अनेकांनी तो देश कधी पाहिलाही नव्हता.

टांगऱ्याचा चामड्याचा धंदा तरीही तगला. तरुण पिढी मात्र टोरंटोची वाट धरू लागली. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे हे कारखाने शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिला आणि नवी चर्मवसाहत बांतळ्यात झाली. टांगऱ्यातल्या काही कारखान्यांच्या जागी उपाहारगृहे निघाली आणि आज हा भाग चिनी जेवणासाठीच ओळखला जातो.