साधेपणाचा हिशेब

माझे अब्बा पिंजारी होते. खांद्यावर पिंजण आणि हातात लाकडी मुठ्या घेऊन ते वर्ध्याच्या गल्ल्यांतून फिरत. तातेचा तुंय्-तुंय् आवाज कानी पडला की बाया दारात येत आणि दबून गेलेल्या गाद्या बाहेर काढत. अब्बा शिवण उसवत, कापूस पिंजून मोकळा करत, पुन्हा खोळीत भरत आणि टाके घालत. संध्याकाळपर्यंत गादी नव्यासारखी होई. कापूस तोच, खोळही बहुधा तीच. नवी लागे ती फक्त मेहनत, आणि पैसे मिळत तेही त्या मेहनतीचेच.

मी सातवीत असताना आमच्या गुरुजींनी सगळ्या वर्गाला मगन संग्रहालय दाखवायला नेलं. चरखे, तेलघाणी, हातकागद बघत बघत आम्ही एका पिंजणापाशी आलो. एक मुलगा मोठ्यानं म्हणाला, ‘‘हे तर याच्या बापाजवळ आहे!’’ सगळे हसले. मी खाली मान घातली. ज्या माणसानं ही अवजारं मानानं मांडायला लावली, त्याचं नाव मला फार पुढे, बी.ए.ला असताना कळलं. ते नाव जे. सी. कुमारप्पा.

जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचा जन्म १८९२ सालचा, तंजावरच्या ख्रिस्ती घराण्यातला. लंडनला जाऊन ते हिशेबतपासनीस झाले आणि मुंबईत त्यांनी व्यवसाय मांडला. पोशाख विलायती, राहणी साहेबी. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारण शिकताना त्यांना एक प्रश्न पडला. इंग्रज सरकार हिंदुस्थानातून कर गोळा करतं, तो पैसा जातो कुठे? या अभ्यासातून हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा जो हिशेब निघाला, तो घेऊन १९२९ साली ते साबरमतीला गांधीजींना भेटले. विलायती कपड्यांतला हा माणूस थोड्याच दिवसांत खादीत आला. गांधीजींनी त्यांना गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करायला पाठवलं. बोटीच्या, बँकेच्या वह्या तपासणारा माणूस आता शेतकऱ्याच्या घरात किती येतं आणि किती जातं, ते लिहू लागला.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे मंत्री झाले. त्याचं ठाणं वर्ध्याला, जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत होतं. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावानं ती जागा मगनवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली. तिथेच १९३८ साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं.

मगनवाडीत काय चालायचं? बैलघाणी सुधारली जाई. टाकाऊ वस्तूंपासून हातानं कागद बनवला जाई, आणि संघाचं मासिक त्याच कागदावर छापलं जाई. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तयार झाला. घरातला धूर बाहेर जावा म्हणून ‘मगन चूल’ आली. श्रोतेहो, या चुलीपाशी जरा थांबू या. साधेपणा म्हणजे आहे त्यातच खितपत राहणं असं कुमारप्पांना वाटलं असतं, तर त्या चुलीची गरजच नव्हती. धुरानं बाईचे डोळे जातात, हाही त्यांच्या हिशेबाचाच भाग होता.

मला हे सांगावंसं वाटतं, कारण साधेपणाचे गोडवे ऐकताना मला अब्बांचा खोकला आठवतो. कापसाची बारीक धूळ आयुष्यभर त्यांच्या छातीत जात राहिली. आमच्या घरी काही वाया जात नव्हतं हे खरं. पण वाया घालवायला होतंच काय? ज्याच्याकडे दुसरा पर्यायच नाही, त्याच्या गरिबीला साधी राहणी म्हणून हार घालू नयेत. कुमारप्पांनी सुखवस्तू जगणं सोडलं, ती त्यांची निवड होती. अब्बांना निवड मिळालीच नाही. मग या दोन माणसांना जोडणारं काही आहे का?

ते मला कुमारप्पांच्या पुस्तकात सापडलं. १९४२च्या आंदोलनानंतरच्या काळात जबलपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ लिहिलं. ते १९४५ साली गांधीजींच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालं. त्यात कुमारप्पा सांगतात की निसर्गाची संपत्ती दोन प्रकारची असते. कोळसा, खनिज तेल हे साठे. काढले की संपणारे. वाहतं पाणी, वाढतं लाकूड हा ओघ. जपून वापरला तर न आटणारा. साठ्यांवर जगणाऱ्या समाजाला दुसऱ्याचे साठे हवे होतात, आणि त्यातून लढाया होतात. ही गोष्ट त्यांनी दुसरं महायुद्ध चालू असताना लिहिली. दुसरं त्यांचं म्हणणं असं की वस्तू विकत घेताना तिच्यामागचा माणूसही बघावा. तिच्यात कुणाचं शोषण मिसळलं असेल, तर घेणाराही त्यात भागीदार ठरतो.

म्हणजे साधं राहणं हा आपल्या एकट्याच्या मनाच्या शांतीचा प्रश्न उरत नाही. किती घेतलं, कुठून घेतलं आणि करणाऱ्याच्या पदरात काय पडलं, असा तो तीन रकान्यांचा हिशेब होतो. अब्बांची गादी पहिल्या दोन रकान्यांत चोख उतरत होती. तिसऱ्यात मात्र आमचं गाव त्यांचं देणं लागत होतं.

स्वातंत्र्यानंतर देश मोठ्या कारखान्यांच्या वाटेनं गेला. कुमारप्पा अखेरच्या वर्षांत तमिळनाडूतल्या टी. कल्लुपट्टी इथे राहिले आणि ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, वारले.

गेल्या वर्षी आमच्या घरात फोमची गादी घ्यायचं ठरत होतं. जुनी कापसाची गादी अब्बांनी माझ्या लग्नात भरलेली. लेक म्हणाली, ‘‘अब्बू, हिला आता फेकून द्या ना.’’ मी ती उसवली. आतला कापूस पिवळा पडला होता, पण धागा शाबूत होता. आमच्याच जिल्ह्याच्या काळ्या मातीतला तो कापूस. तो पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवर या विदर्भात काय वेळ आली, ते तुम्हाला ठाऊक आहे. गादी रिक्षात घालून मी पिंजाईच्या यंत्रावर नेली. तिथला पोरगा तोंडाला काही न बांधता काम करत होता. त्यानं सांगितली ती मजुरी मी घासाघीस न करता दिली. दुसऱ्या दिवशी तोंडाला बांधायला मऊ सुती कापडाच्या चार पट्ट्या शिवून नेऊन दिल्या. तो हसला आणि त्यातली एक त्यानं लगेच बांधली.

लेक आता त्याच गादीवर झोपते. परवा ती मगन संग्रहालय बघायला चल म्हणाली. आम्ही गेलो. त्या पिंजणापाशी उभं राहून मी तिला सांगितलं, ‘‘हे तुझ्या दादांचं अवजार.’’ या वेळी मान खाली गेली नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)