भिंतीच्या दरजा

पुण्याच्या शनिवारवाड्याचें काम इ. स. १७३० मध्यें सुरू झालें. १८२८ च्या आगींत आंतील महाल जळून गेले. पण दगडी तळावरील विटांचा तट उभा राहिला. अशा भिंतीच्या विटा आपण कौतुकानें पाहतों. त्यांना धरून ठेवणारा दरजांतील चुना मात्र आपल्या दृष्टीस पडत नाहीं.

जुने गवंडी चुना बैलांच्या घाणींत मळून घेत आणि पुष्कळदां त्यांत विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळीत. असा चुना विटेहून मऊ असतो. भिंतींत मुरलेली ओल त्यांतून बाहेर पडते. झीज होते ती दरजेची, विटेची नव्हे. १८२४ सालीं इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यानें पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें, आणि पुढें तें कठीण द्रव्य जुन्या भिंतींतही शिरलें.

माझ्या वडिलार्जित घराच्या दरजा मीं हौसेनें सिमेंटनें भरून घेतल्या. कांहीं पावसाळ्यांनंतर पाहतों तों सिमेंट शाबूत, आणि विटांचीं तोंडें गळून पडलेलीं! ओल आंत कोंडली होती. मग एका वृद्ध गवंड्यानें दरजेहून अरुंद छिन्नीनें, हलक्या हातानें, इंचभर खोल माल काढला, भिंत भिजविली, बारीक थापीनें चुना थराथरानें दाबून भरला आणि वर ओलीं पोतीं टांगलीं.

जन्मभर मीं मुलांना शिकविलें कीं, बळकट तेंच चांगलें. तो धडा भिंतीनें दुरुस्त केला. जुन्याला दिलेली जोड त्याच्याहून नरमच असावी.